पुनर्बाप्तिस्मावाद्यांचा पंथ : झूरिचपासून डहाणूपर्यंत

पनवेलहून पुण्याच्या जुन्या रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर कोन हे गाव लागते. या गावात काय किंवा आसपासच्या कोणत्याही गावात काय, एखाद्या घरी मूल जन्मास आले की पाचवी पुजली जाते, बाराव्या दिवशी बारसे होते, आणि पाळण्यातल्या त्या जिवाला नाव मिळते, कुळ मिळते, जात मिळते व धर्मही मिळतो. त्याला कोणी काही विचारीत नाही. विचारण्याजोगे त्याचे वयच नसते. जवळच पनवेल गावात बेने इस्राएल लोकांचे बेथ एल नावाचे सभास्थान आहे. ते १८४९ सालचे. त्या समाजात मुलाची सुंता जन्मापासून आठव्या दिवशी व्हावी असा दंडक आहे. मुसलमानाच्या घरी नवजात बालकाच्या कानात बांग उच्चारतात. रोमन कॅथलिक कुटुंबात तान्ह्या मुलाला देवळात नेऊन त्याच्या मस्तकावर पाणी ओततात व तेथेच ते ख्रिस्ती झाले असे मानतात. कोकणपट्टीच्या एवढ्याशा तुकड्यात धर्म चार असले, तरी या एका बाबतीत चौघांचेही एकमत आहे: मनुष्य धर्मात जन्मतो, आणि त्यास पुढे समजू लागते ते आपण कोण आहोत एवढेच.

ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की, तिला कोणी हरकत घेईल ही कल्पनाही सहसा मनात येत नाही. परंतु पाचशे वर्षांपूर्वी युरोपात काही माणसांनी नेमकी हीच हरकत घेतली आणि तिच्यापायी हजारांवर स्त्रीपुरुष पाण्यात बुडवून, अग्नीत जाळून अथवा शिरच्छेद करून मारले गेले. त्या लोकांचा इतिहास व त्यांची तत्त्वे हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यांच्या वंशातली एक शाखा पुढे आपल्याच किनाऱ्यावर डहाणूस येऊन राहिली, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

या लोकांना त्यांच्या विरोधकांनी ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असे नाव ठेविले. बाप्तिस्मा हा पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्माचा दीक्षाविधी होय. नाव ठेविले ते निंदेने, आणि नुसत्या निंदेनेही नव्हे. जुन्या रोमन बादशाही कायद्यात पुन्हा बाप्तिस्मा देणे हा देहान्त शिक्षेचा अपराध होता. तेव्हा हे नाव एकदा चिकटविले की आरोपपत्र निम्मेअधिक लिहून झालेच. त्या लोकांना स्वतःला हे नाव कधीच मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, अजाण बालकावर घातलेले पाणी हा बाप्तिस्माच नव्हे, ते केवळ स्नान. पश्चात्ताप होऊन, विश्वास बसून, समजून उमजून मनुष्य स्वतः मागतो तो बाप्तिस्मा. मग तो दुसरा कसा? तो पहिलाच. ते एकमेकांस केवळ ‘बंधू’ म्हणत.

याचा आरंभ स्वित्झर्लंडातील झूरिच शहरी झाला. तेथे १५१९ सालापासून उल्रिख झ्विंग्ली हा विद्वान धर्मोपदेशक मुख्य देवळात प्रवचने करीत असे. लूथरने जर्मनीत पोपच्या सत्तेविरुद्ध आवाज उठवून त्या वेळी दोनच वर्षे झाली होती. झ्विंग्लीच्या भोवती तरुण मंडळी जमली. त्यांत कॉनराड ग्रेबेल हा शहरातील एका प्रतिष्ठित घराण्यातला होता, तर फेलिक्स मान्त्स हा हिब्रू भाषा शिकलेला होता. गुरूने शिष्यांस शिकविले की, जे शास्त्रात आहे तेवढेच धरावे, बाकीचा रूढीचा पसारा टाकून द्यावा. शिष्य हुशार निघाले. त्यांनी विचारले, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा शास्त्रात कोठे सांगितला आहे? गुरूच्या मनातही आरंभी याविषयी शंका होती. परंतु झ्विंग्लीला शहराची सुधारणा नगरसभेच्या हाताने, तिला बरोबर घेऊन करावयाची होती; आणि ऑक्टोबर १५२३ मध्ये जी मोठी वादसभा भरली तीत उपासनेतील बदल कधी करावे हे त्याने नगरसभेवर सोपविले. येथेच गुरुशिष्यांची ताटातूट झाली. देवाच्या आज्ञेची अंमलबजावणी केव्हा करावी हे ठरविण्याचा अधिकार नगरसभेला कोणी दिला, असा शिष्यांचा सवाल होता. बाप्तिस्म्याचा वाद पुढे गाजला खरा, पण त्याचे मूळ या सवालात आहे.

जानेवारी १५२५ मध्ये पुन्हा वाद झाला. त्या वेळी झ्विंग्लीने आपल्या बाजूने जो मुख्य आधार दिला तो सुंतेचा. यहुद्यांत आठव्या दिवशी सुंता होते व ते बालक देवाच्या करारात येते. ख्रिस्ती लोकांत तेच स्थान बाप्तिस्म्याला आहे. मग बालकास वगळावे का? पनवेलच्या सभास्थानातील एखाद्या वृद्ध बेने इस्राएलाने हा युक्तिवाद ऐकला असता तर त्याला मौज वाटली असती. नगरसभेने निकाल झ्विंग्लीच्या बाजूने दिला आणि १८ जानेवारी रोजी हुकूम काढला की, ज्यांनी आपल्या मुलांना बाप्तिस्मा दिला नसेल त्यांनी तो आठ दिवसांत द्यावा, नाही तर शहर सोडून जावे. ग्रेबेलच्या घरी त्या वेळी तान्ही मुलगी होती.

२१ जानेवारीच्या रात्री ही मंडळी मान्त्सच्या आईच्या घरी जमली. घर त्या मुख्य देवळापासून जवळच होते. सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. तींत जॉर्ज ब्लाउरॉक नावाचा एक माजी पाद्री होता. तो उठला आणि ग्रेबेलला म्हणाला की, देवासाठी मला खरा ख्रिस्ती बाप्तिस्मा दे. ग्रेबेलने दिला. मग बाकीच्यांनी ब्लाउरॉककडे तीच मागणी केली व त्याने सर्वांस दिला. घरात वापरावयाचे साधे पाणी, दिव्याचा उजेड, आणि बाहेर नगरसभेचा हुकूम. युरोपच्या धर्मेतिहासात जे मोठे प्रसंग झाले त्यांत इतका थोडक्यात आटोपलेला प्रसंग दुसरा क्वचितच असेल.

आजच्या मनुष्यास प्रश्न पडतो की, कोणी मोठेपणी अंगावर पाणी घेतले तर त्यात सरकारचे काय गेले? त्याचे उत्तर असे की, त्या काळी बाप्तिस्म्याची वही तीच रयतेची वही होती. जो त्या गावात जन्मला तो त्या देवळाचा, तोच त्या सरकारचा. त्यानेच कर द्यावयाचा, त्यानेच भाला घेऊन पहाऱ्यास उभे राहावयाचे, त्यानेच सर्व नागरिकांबरोबर हात वर करून राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची. धर्मात शिरण्यास स्वतःची संमती लागते असे म्हटले की ही सारी साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते. ज्याला देवळात येण्याची सक्ती करता येत नाही त्याला मग शपथेची सक्ती कशी करावी, आणि तरवारीची कशी? झूरिचच्या नगरसभेने हे बरोबर ओळखले होते. ते लोक अडाणी नव्हते.

मार्च १५२६ मध्ये पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यास पाण्यात बुडवून मारण्याची शिक्षा ठरली. पाण्याचा अपराध, पाण्याचीच शिक्षा! ग्रेबेल त्याच वर्षी प्लेगने वारला. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्त्सला होडीत घालून लिमत नदीच्या मध्यभागी नेले, त्याचे बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढून मध्ये काठी अडकविली आणि त्याला प्रवाहात लोटून दिले. नदीकाठी त्याची आई व भाऊ उभे होते. ते त्याला ओरडून सांगत होते की, डळमळू नकोस. जिच्या घरी दोन वर्षांपूर्वी ती बैठक भरली तीच ही आई. ब्लाउरॉक परगावचा म्हणून त्याला फटके मारून हद्दपार केले. तो १५२९ साली टिरोल प्रांतात जाळला गेला.

मान्त्सच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, २४ फेब्रुवारी १५२७ रोजी, सरहद्दीवरील श्लाइटहाइम या खेड्यात या लोकांची सभा भरली व त्यांनी आपली मते सात कलमांत लिहून काढली. लिहिण्यात पुढाकार होता मायकेल सॅटलर याचा. हा पूर्वी एका मठाचा अधिकारी असलेला साधू. सातांपैकी पहिले कलम अर्थातच बाप्तिस्म्याचे. त्याखेरीज असे ठरले की, बंधूंपैकी कोणी पापात पडला तर त्याला दोनदा एकांतात समज द्यावी, तिसऱ्यांदा मंडळीसमोर, आणि तरीही न वळल्यास त्यास पंगतीबाहेर करावे. मारू नये, कोंडू नये. तरवार ही जगाच्या राज्यासाठी आहे, ख्रिस्ताच्या मंडळीत तिला जागा नाही. तेव्हा बंधूने शिपाई होऊ नये व न्यायाधीशही होऊ नये. शपथ घेऊ नये. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढे पुरे.

यातील तरवारीचे कलम सॅटलरच्या जिवावर बेतले. त्याच्या खटल्यात एक आरोप असा होता की, तुर्क चालून आले तरी त्यांचा शस्त्राने प्रतिकार करू नये असे हा सांगतो. त्याने ते नाकारले नाही. हत्या करू नको अशी आज्ञा आहे, असे उत्तर दिले. आदल्याच वर्षी मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीची फौज बुडविली होती व तिचा राजाही मेला होता. पानिपतच्या दुसऱ्या वर्षी पुण्याच्या भर पेठेत उभे राहून कोणी असे म्हटले असते की, अब्दाली पुन्हा आला तर हत्यार उचलू नका, तर लोकांस काय वाटले असते याचा विचार केला म्हणजे सॅटलरच्या न्यायाधीशांचा क्रोध समजतो. समजतो, इतकेच. मे १५२७ मध्ये त्याची जीभ कापून व तापलेल्या सांडसांनी अंगाचे मांस तोडून मग त्याला जाळले. त्याच्या बायकोला काही दिवसांनी नेकर नदीत बुडविले. पुढे १५२९ साली श्पायर येथील बादशाही सभेने पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मृत्युदंड हा सर्व साम्राज्यासाठी कायदाच केला. त्या सभेत कॅथलिक व लूथरपंथी संस्थानिकांची बहुतेक प्रत्येक बाबतीत भांडणे झाली; या एका बाबतीत भांडण झाले नाही.

हा इतिहास सांगताना म्युन्स्टर शहराचे प्रकरण झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उत्तर जर्मनीतील हे शहर १५३४ च्या आरंभी याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण निराळ्या प्रवृत्तीच्या लोकांच्या हाती गेले. यान माथाइस नावाच्या हार्लेमच्या एका भटारखानेवाल्याने जगाचा अंत जवळ आला असे भविष्य सांगितले. मोठ्या माणसांनाही पुन्हा बाप्तिस्मा घ्या, नाही तर शहराबाहेर चालते व्हा, असा हुकूम सुटला. म्हणजे संमतीचा धर्म म्हणून जो निघाला तोच सक्तीचा झाला. माथाइस ईस्टरच्या दिवशी वेढ्यावर चालून जाऊन ठार झाला. त्याच्यामागून लायडनचा यान नावाचा शिंपी पुढे आला. त्याने बहुपत्नीत्व चालू केले व स्वतःस राजा म्हणवून घेतले. बिशपच्या फौजेने जून १५३५ मध्ये शहर घेतले, आणि १५३६ च्या जानेवारीत राजा व त्याचे दोन साथीदार हालहाल करून मारले गेले. त्यांची प्रेते ज्या तीन लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लँबर्टच्या देवळाच्या मनोऱ्यावर टांगली ते पिंजरे अजून तेथे आहेत. पुढे शेकडो वर्षे या पंथाच्या कोणत्याही निरुपद्रवी शेतकऱ्याकडे बोट दाखवून लोक म्युन्स्टर म्हणत.

या राखेतून पंथ पुन्हा उभा केला तो मेनो सिमन्स याने. हा फ्रीसलंडमधील एक कॅथलिक पाद्री. बालकांच्या बाप्तिस्म्यास शास्त्राधार नाही हे त्याला पुष्कळ आधीच पटले होते, परंतु चाकरी सुखाची होती व तो ती सोडीत नव्हता, असे त्याने स्वतःच पुढे कबूल केले. म्युन्स्टरच्या नादाने भ्रमिष्ट झालेले भोळे लोक मारले गेलेले पाहून त्याला स्वतःची लाज वाटली. १५३६ च्या जानेवारीत त्याने पद सोडले, आणि उरलेली पंचवीस वर्षे तो गावोगाव लपत, लिहीत व विखुरलेल्या मंडळ्या एकत्र करीत हिंडला. त्याच्या मागे येणारे ते मेनोनाइट. मोराव्हियात याकोब हुटरच्या अनुयायांनी याच्याही पुढे जाऊन खाजगी मालमत्ताच ठेविली नाही. सगळ्यांचे शेत एक, कोठार एक, पंगत एक. तो हुटराइटांचा पंथ अमेरिकेत व कॅनडात आजही तसाच नांदतो आहे.

या लोकांचे जे मोठे हुतात्मचरित्र १६६० साली हॉलंडात छापले गेले त्यात डिर्क विलेम्सची हकीकत आहे. १५६९ साली आस्पेरेन गावी हा कैदेतून निसटला व गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे गेला. पाठलाग करणारा शिपाई मागोमाग आला, त्याच्या भाराने बर्फ फुटले व तो पाण्यात पडून ओरडू लागला. डिर्क परत फिरला, त्याने त्याला हात देऊन वर काढले. शिपायाची इच्छा त्याला सोडून देण्याची होती, पण काठावरील अधिकाऱ्याने त्याला कर्तव्याची आठवण दिली. डिर्कला पकडून जाळले. मेनोनाइट घरांत हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दाखवीत आले आहेत. त्यात उपदेश कोणता आहे हे सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही.

आता या पंथाच्या तत्त्वांकडे आपल्या चष्म्यातून पाहिले तर काय दिसते? जन्माने वारकऱ्याच्या घरी आला तरी गळ्यात माळ आपोआप पडत नाही, ती मागून घ्यावी लागते व मग तिचे नियम पाळावे लागतात; बाप्तिस्म्याविषयीची त्यांची कल्पना पुष्कळशी अशीच आहे. शपथ न घेण्यातील मर्मही आपल्या लोकांस समजण्यासारखे आहे: जो कोर्टात हात वर करून खरे बोलेन म्हणतो तो एरवी काय बोलतो, हा प्रश्न मनात येतोच. परंतु पंगतीबाहेर करण्याच्या त्यांच्या रिवाजात आपल्याकडील वाळीत टाकण्याची छाया दिसते, आणि ती चांगली नव्हे. आरंभी त्यांनी बहिष्कार योजिला तो तुरुंग व फास यांच्या ऐवजी, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण बहिष्कृत नवऱ्याबरोबर बायकोने जेवावे की नाही, असले वाद त्यातून निघाले, आणि १६९३ साली याच प्रश्नावर कडक बाजू घेऊन याकोब आमानने आपली निराळी मंडळी काढली. तेच आमिश लोक, जे आजही अमेरिकेत घोड्याच्या गाडीने हिंडतात.

याहून मोठी एक अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली, व ती अद्यापही सुटलेली नाही. छळामुळे हे लोक पोलंडच्या नदीकाठी, तेथून रशियात, तेथून अमेरिकेत असे सरकत गेले. आपसांतच सोयरिकी करू लागले. त्यांची भाषा, पोशाख, आडनावे ठरून गेली. मग मेनोनाइटाचा मुलगा मेनोनाइटच होऊ लागला. बाप्तिस्मा तो अठराव्या वर्षी घेई, पण घेईल हे घरच्यांस पाळण्यातच ठाऊक असे! जन्माने मिळणाऱ्या धर्माविरुद्ध ज्यांनी प्राण दिले त्यांचीच एक जात होऊन बसली.

तथापि जात झाली तरी तत्त्व सुटले नाही, याचे एक उदाहरण १९१८ सालचे आहे. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती झाली. हुटराइट पंथातील जोसेफ व मायकेल हॉफर या भावांनी गणवेश अंगावर घालण्याचे नाकारले. त्यांना आल्काट्राझच्या काळकोठडीत ठेवून पुढे लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात नेले, व युद्ध थांबल्यानंतर काही आठवड्यांच्या आत ते दोघेही तेथे मरण पावले. जोसेफची बायको प्रेत पाहण्यास गेली तेव्हा जो गणवेश त्याने जिवंतपणी घातला नव्हता तो त्याच्या अंगावर चढविलेला होता.

आता आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या शाखेची हकीकत. १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्झेनाऊ गावी अलेक्झांडर माक व त्याचे सोबती, पाच पुरुष व तीन स्त्रिया, एडर नदीत उतरले. मेनोनाइटांचे विचार त्यांस पटले होते, पण त्यांना स्वतःची निराळी मंडळी हवी होती. माकला पहिला बाप्तिस्मा कोणी द्यावयाचा यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी कोणाच्या नावाची निघाली ते कधीही सांगावयाचे नाही असे ठरविले, कारण पंथाला माणसाचे नाव लागू नये. ते नाव खरोखरच कोणाला कळले नाही. यांची रीत अशी की, पाण्यात गुडघे टेकून बसलेल्या मनुष्यास पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा पुढे वाकवून बुडवावयाचे. म्हणून लोक त्यांना डंकर, म्हणजे बुडी देणारे, म्हणू लागले. १७१९ पासून ते अमेरिकेत गेले. पुढे १९०८ साली त्यांनी ब्रदरन मंडळी हे नाव घेतले. त्यांचा दुसरा विशेष म्हणजे प्रीतिभोजन. संध्याकाळी सर्वांनी जमावयाचे, एकमेकांचे पाय धुवावयाचे, एकत्र जेवावयाचे, आणि मग भाकर व द्राक्षरस घ्यावयाचा.

या मंडळीने विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी व बर्था रायन या तिघांस १८९४ साली हिंदुस्थानात पाठविले. त्यांनी पहिले ठाणे बलसाड येथे घातले. पाठोपाठ छप्पनचा दुष्काळ आला. गुजरातेत व उत्तर कोकणात माणसे रस्त्यावर पडून मरू लागली तेव्हा मिशनने शेकडो अनाथ मुले सांभाळली. विसाव्या शतकाच्या आरंभी अॅडम व ॲलिस ईबी हे जोडपे डहाणूस आले, आणि मराठी मुलखात डहाणू, वाडा, पालघर अशी ठाणी झाली. डहाणूस त्यांनी दवाखाना चालविला. १९१५ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. बार्बारा निकी यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. मराठी मुलखातील जुनी प्रॉटेस्टंट मिशने, अमेरिकन मराठी मिशन काय किंवा स्कॉटिश मिशन काय, तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देणारी होती. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे श्रीरामपूरचे विल्यम केरी हे बाप्टिस्ट, म्हणजे जाणत्या वयाच्या बाप्तिस्म्याचे पुरस्कर्ते होते खरे. परंतु बाप्टिस्ट पंथ इंग्रजांचा, तरवार व शपथ यांस त्याची हरकत नव्हती. तेव्हा ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतले तत्त्व पुरतेपणी मराठी भूमीवर आले ते डहाणूच्या बाजूस.

येथे त्या तत्त्वाची कसोटी लागली. कोणाच्या संमतीला संमती म्हणावे हा प्रश्न मुंबई इलाख्यात नवा नव्हता. १८४३ साली नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला असता, तो वयाने अजाण म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले तेव्हा पुण्यामुंबईस केवढे वादळ उठले हे प्रसिद्ध आहे. बारा वर्षांच्या आतबाहेरचा तो मुलगा. त्याच्या मनाचा कौल बापाने मानला नाही, न्यायालयानेही मानला नाही. डहाणू व बलसाडकडील अनाथांची गोष्ट याहून बिकट होती. ज्याला भाकरी मिळाली व आसरा मिळाला ते मूल मोठे होऊन बाप्तिस्मा मागते तेव्हा ते विश्वासाने मागते की उपकाराने? पोटासाठी बाटले, असे लोक सरसकट म्हणत. सरसकट म्हणणे अन्यायाचे होते. परंतु हा प्रश्न इतर कोणत्याही मिशनपेक्षा या मिशनला अधिक बोचावयास हवा होता, कारण संमतीवाचून दीक्षा नाही या एकाच वाक्यावर त्याचा सारा इमला उभा होता. दुसऱ्या बाजूने हेही पाहिले पाहिजे की, ज्या मुलखात सावकार व जमीनदार वारल्याकडून वेठ घेत, जेथे एका जातीने दुसरीच्या हातचे पाणी घेऊ नये, तेथे एकमेकांचे पाय धुऊन एका पंगतीस बसण्याचा रिवाज नुसता चालू असणे ही लहान गोष्ट नव्हती.

डहाणूच्या मंडळीच्या इतिहासातील शेवटचा मोठा टप्पा १९७० सालचा आहे. उत्तर हिंदुस्थानातील सहा ख्रिस्ती मंडळ्या, १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींच्या अखेरीस, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र आल्या व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, ज्यांचा राजा धर्माचा रक्षक म्हणवितो, झ्विंग्लीच्या परंपरेशी नाते सांगणारे होते, बाप्टिस्ट होते, आणि ब्रदरनही होते. ज्या प्रश्नावर लिमत नदीत मनुष्य बुडविला तो प्रश्न एका मांडवाखाली आला. तोड काढली ती अशी की, दोन्ही रीती मान्य: ज्या आईबापांस वाटेल त्यांनी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा व मोठेपणी त्याने विश्वास जाहीर करावा, ज्यांस तसे वाटत नसेल त्यांनी बालक देवास समर्पून आशीर्वाद घ्यावा, आणि बाप्तिस्मा त्याने जाणता झाल्यावर मागावा. झूरिचमध्ये हे कोणाला सुचले असते तर! पण १५२५ साली ही तोड कोणालाच पुरली नसती, ग्रेबेललाही नाही.

सर्वांना ती १९७० सालीही पुरली नाही. ब्रदरन मंडळीचे हिंदुस्थानात दोन विभाग होते. गुजराती मुलखातला पहिला, मराठी मुलखातला दुसरा. गुजरातेतील काही लोक थोड्याच वर्षांत संयुक्त मंडळीतून बाहेर पडले व आपली जुनी मंडळी अजून कायम आहे असे म्हणू लागले. देवळे व जमिनी कोणाच्या, यावरून दावे सुरू झाले. ज्यांच्या पूर्वजांनी कोर्टाची पायरी चढू नये असे ठरविले होते त्यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ३० सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने जुनी नोंदलेली संस्था कायद्याने संपत नाही व तिची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही.

तिकडे युरोपात झूरिचच्या सुधारित मंडळीने २००४ साली झालेल्या छळाबद्दल क्षमा मागितली, आणि लिमतच्या काठी मान्त्स व त्याच्यासारख्या इतरांच्या नावाचा दगड बसविला. लूथरपंथीयांच्या जागतिक संघाने २०१० साली स्टुटगार्ट येथे मेनोनाइटांकडे तशीच क्षमा मागितली. मेनो सिमन्सच्या परंपरेतील लोक आज जगात एकवीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांची संख्या अमेरिका, इथिओपिया व भारत या देशांत सर्वांत मोठी आहे. २९ मे २०२५ रोजी, पाचशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, ते निरनिराळ्या देशांतून झूरिचला जमले. उपासना झाली ती झ्विंग्लीच्याच देवळात. मान्त्सच्या आईचे घर जेथे होते ती गल्ली तेथून चालत थोड्या मिनिटांवर आहे.